महामार्गावरचे जुने पूल : तपासणीत पाण्याखालचे काय दिसते?

सावित्रीकाठ (धागाकर्ता)

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या आणि एक तवेरा अंधारात थेट नदीत गेल्या. नौदल, तटरक्षक दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी पुढे कित्येक दिवस शोध घेतला. गढूळ पाण्यात गाड्या सापडेनात म्हणून क्रेनला तीनशे किलो वजनाचे लोहचुंबक बांधून नदीचा तळ धुंडाळण्याचा प्रयत्नही झाला. काही मृतदेह वाहत थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले होते.

पूल १९२८ चा, दगडी कमानींचा होता. शेजारीच नवा पूल उभा होता आणि एका दिशेची वाहतूक जुन्यावरून, दुसऱ्या दिशेची नव्यावरून अशी विभागणी होती. त्यामुळे पुराचे पाणी चढत असताना जुना पूल काही तासांसाठी बंद करून सगळी वाहतूक नव्यावरून सोडणे, अडचणीचे असले तरी, अशक्य मुळीच नव्हते. पण तसे करण्याची गरज आहे असे कोणाला वाटावे, असे कोणतेही चिन्ह वरून दिसत नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य आढळला होता, असे दुर्घटनेनंतर सरकारकडून सांगण्यात आले.

माझा प्रश्न या शेवटच्या वाक्याविषयी आहे. ती तपासणी खोटी होती असे मी म्हणत नाही. ती खरोखर झाली आणि प्रामाणिकपणे झाली असे गृहीत धरले तर प्रश्न अधिकच अवघड होतो, कारण मग प्रामाणिक तपासणीलाही तीन महिन्यांत कोसळणारा पूल ठणठणीत दिसू शकतो असा त्याचा अर्थ निघतो.

आमच्या भागातील एका जुन्या पुलाची पावसाळ्यापूर्वीची तपासणी मी जवळून पाहिली आहे. मंडळी जीपमधून आली, कठड्याचे दोन तुटलेले खांब मोजले, पाणी वाहून जाण्याच्या नळकांड्यांत साचलेली माती काढण्याची सूचना संबंधितांना दिली, सांध्यातून उगवलेल्या पिंपळाचे छायाचित्र काढले, काठावरून खाली नजर टाकली आणि पुढच्या पुलाकडे निघून गेली. नदीत पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होते, त्यामुळे पायाजवळ जाणे सहज शक्य होते, तरीही खाली कोणी उतरले नाही. त्या पिंपळाचे रोप पुढच्या वर्षी हातभर वाढलेले होते.

येथे या क्षेत्रात काम केलेले काही सदस्य आहेत. पुलाच्या तपासणीत नेमके काय पाहतात, काय पाहायला हवे आणि काय पाहणे शक्यच नसते, हे त्यांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे. राजकीय दोषारोपांसाठी वेगळे धागे आहेत, ते कृपया तिकडेच चालवावेत.

पायाभरणी

धागा योग्य प्रश्नापासून सुरू झाला याचे समाधान वाटले. माझी नोकरी पुलांच्याच कामात गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी ३५’ ही पुलांच्या तपासणीची आणि देखभालीची मार्गदर्शिका आहे. तिच्यात तपासणीचे मुख्यतः तीन प्रकार येतात. पहिली नेहमीची तपासणी, जी डोळ्यांनी करायची असते. आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करण्याची पद्धत आहे. दुसरी सखोल तपासणी, जिच्यात प्रत्येक भागाला हात लागेल इतक्या जवळ जाऊन पाहायचे असते. त्यासाठी शिडी, परांची किंवा पुलावरून खाली वळून येणाऱ्या यांत्रिक हाताची गाडी लागते. तिसरी विशेष तपासणी, म्हणजे मोठा पूर, भूकंप किंवा वाहनाची धडक अशा घटनेनंतरची, अथवा आधीच्या दोन तपासण्यांत काही संशयास्पद आढळल्यावर उपकरणांनी करायची. वर्तमानपत्रात ‘तपासणी झाली होती’ असे छापून येते तेव्हा ती बहुधा पहिल्या प्रकारची असते. आपण पाहिलीत तीही तीच. एका उपविभागाकडे असलेले पूल आणि मोऱ्या, हाताशी असलेली माणसे आणि मे महिन्यातले उरलेले दिवस यांचा हिशेब केलात, तर एका पुलाच्या वाट्याला किती वेळ येतो हे लक्षात येईल.

आता पाण्याखालच्या भागाविषयी. नदीत उभा असलेला खांब हा प्रवाहाच्या दृष्टीने अडथळा असतो. पाणी खांबावर आदळते, त्यातला काही भाग खांबाच्या तोंडाला लागून सरळ खाली वळतो आणि तळाशी भोवरा तयार होतो. तो भोवरा खांबाच्या पायाजवळची वाळू-माती उपसून दोन्ही बाजूंनी मागे टाकत जातो. पूर जितका मोठा, तितका हा खड्डा खोल होतो. पाया त्या खड्ड्याच्या खाली पुरेसा रुतलेला असेल तर पूल टिकतो, नसेल तर खांब आधीच अधांतरी झालेला असतो आणि वरून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या कामात याला ‘स्कवर’ म्हणतात.

खरी अडचण पुढे आहे. पूर ओसरू लागला की प्रवाहाचा वेग कमी होतो आणि वरून वाहून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. ऑक्टोबरमध्ये पाहणी करायला गेलेल्या अभियंत्याला नदीचा तळ सपाट दिसतो, मे महिन्यात तर तो कोरडाही असतो. ऑगस्टच्या एखाद्या रात्री तेथे पुरुषभर खोल खड्डा पडून गेला होता, याची खूण वर राहत नाही. लोखंडी सळई खुपसून पाहिली तर भरलेला गाळ भुसभुशीत लागतो आणि मूळचा तळ घट्ट लागतो, एवढाच काय तो पुरावा. पण त्यासाठी खाली उतरावे लागते आणि कोठे खुपसायचे तेही माहीत असावे लागते.

म्हणूनच आजच्या नियमांत पायाची खोली ठरवताना या झिजेचा आधीच हिशेब धरतात. महापुराच्या पातळीपासून मोजलेली सरासरी झीज गणिताने काढायची, खांबाजवळ तिच्या दुप्पट धरायची आणि झिजणाऱ्या जमिनीत खोल पाया घ्यायचा असेल तर त्याच्याही खाली आणखी एक तृतीयांश खोली पकडीसाठी ठेवायची. उदाहरणार्थ, सरासरी झीज ५ मीटर आली तर खांबाजवळ १० मीटर धरावी लागते आणि पाया पूरपातळीपासून सुमारे १३.३ मीटर खाली न्यावा लागतो. जुन्या पुलांपैकी अनेकांचे पाया-नकाशेच हाती नसतात. पाया किती खोल आहे हेच माहीत नसेल, तर खड्डा मोजूनही तो धोकादायक आहे की नाही हे कसे ठरवणार?

कमानींच्या पुलाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कमान आपला भार खाली देते, त्याचबरोबर बाजूलाही रेटा देते. मधल्या खांबावर दोन्ही बाजूंच्या कमानींचे रेटे एकमेकांना तोलून धरतात. एक खांब खचला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी तर जातातच, शिवाय त्यांच्या शेजारच्या खांबावर एका बाजूचाच रेटा उरतो आणि तो खांब बारीक असेल तर तोही कलंडतो. त्यामुळे असा पूल पडतो तेव्हा एक गाळा (दोन खांबांमधला भाग) पडून थांबत नाही. सिमेंट-सळईच्या स्लॅबला पडण्याआधी वाकायला, तडकायला थोडा तरी अवसर असतो. दगडी कमानीचा पाया गेला तर तसा इशारा मिळत नाही.

लालडबा

पायाभरणी, फारच माहितीपूर्ण प्रतिसाद. एक शंका आहे. एसटीने नियमित प्रवास करणाऱ्यांमध्ये असा समज आहे की गाडी जाताना जो पूल हलतो तो धोकादायक आणि जो हलत नाही तो मजबूत. आमच्या मार्गावरचे काही चालक तर वाहतूक तुंबली की पुलाच्या मधोमध थांबायचे टाळतात. या समजात तथ्य किती?

दुसरे असे की इंग्रजांच्या काळातले पूल बैलगाड्यांसाठी बांधलेले होते आणि आज त्यांच्यावरून भरलेले ट्रक जातात, म्हणून ते पडतात, असे कायम ऐकायला मिळते.

पायाभरणी

@लालडबा, पहिल्या समजाने माणसाची फसगत होण्याची शक्यता जास्त आहे. लांब गाळ्यांचे प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे (आतल्या ताणलेल्या पोलादी तारांनी आवळून धरलेले) पूल, विशेषतः ज्यांचे बाहू मध्यावर सांध्याने जोडलेले असतात ते, जड वाहन गेल्यावर जाणवेल इतके हलतात आणि तसे हलणे त्यांच्या आराखड्यात धरलेले असते. दगडी कमानीचा पूल मात्र अवजड असल्यामुळे त्याचा पाया अर्धा उघडा पडला तरी गाडीत बसलेल्याला काहीच जाणवणार नाही. हलण्यात बदल झाला, म्हणजे पूर्वी नसलेला हादरा किंवा सांध्यावर नवा धक्का जाणवू लागला, तर मात्र ते अवश्य कळवावे.

दुसऱ्या मुद्द्यावर माझे मत प्रचलित समजाच्या उलट आहे. चांगल्या बांधलेल्या दगडी कमानीची वजन पेलण्याची ताकद तिच्या निर्मात्यांनी धरली होती त्यापेक्षा पुष्कळच जास्त असते, कारण कमानीतला दगड दाबला जातो आणि दाब सोसणे हे दगडाचे कामच आहे. ट्रकच्या वजनाने कमान चिरडली गेल्याची उदाहरणे पाण्याने पाया नेल्याच्या मानाने तुरळक आहेत. सावित्रीच्या बाबतीत पाणी कोठून येते तेही पाहा. नदी महाबळेश्वरला उगम पावते. तेथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावरून ते पाणी अगदी थोड्या अंतरात महाडच्या सखल भागात उतरते. कोकणातल्या बहुतेक नद्या अशाच आहेत, आखूड आणि तीव्र उताराच्या. देशावरच्या नदीला पूर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्या देत नाहीत.

जांभा

आपण सगळे मिळून इंग्रजांच्या पुलावर अन्याय करत आहोत असे मला वाटते. १९२८ चा पूल अठ्ठ्याऐंशी वर्षे टिकला, आणि चिपळूणला महामार्गाचा उड्डाणपूल ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधून पूर्ण होण्याआधीच कोसळला. तेव्हाच्या कामाचा दर्जा आणि आताच्या कामाचा दर्जा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय, पुलाची शंभर वर्षांची मुदत संपत आल्याचे पत्र विलायतेहून आपल्या सरकारला आले होते आणि त्याकडे दुर्लक्ष झाले, हेही सर्वश्रुत आहे.

पायाभरणी

@जांभा, ते पत्र महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक जुन्या पुलाबद्दल आलेले आहे, फक्त ते प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. पुलाला औषधाच्या बाटलीसारखी मुदतीची तारीख नसते. देखभाल झाली तर दगडी पूल दीडशे वर्षेही टिकतो आणि दुर्लक्ष झाले तर काँक्रीटचा पूल पंचवीस वर्षांतही निकामी होतो. चिपळूणच्या बाबतीत आपला संताप रास्त आहे, पण तो बांधकामाच्या दर्जाचा प्रश्न आहे. वापरात असलेल्या जुन्या पुलाच्या तपासणीशी त्याची गल्लत करू नये.

दर्जाच्या तुलनेत एक गोष्ट नेहमी निसटते. त्या काळातले जे पूल वाहून गेले ते आज आपल्यासमोर नाहीत, त्यामुळे उरलेले पाहून सगळेच उत्तम होते असे वाटते.

मांडवीतीर

मी मूळचा पणजीचा, सध्या नवी मुंबईत काँक्रीटच्या चाचण्यांचे काम करतो. धागा आतापर्यंत पाण्याभोवती फिरला, मी गंजाविषयी लिहितो.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल पडला तेव्हा तो सोळा वर्षांचाही झालेला नव्हता. पुढची सहा वर्षे, म्हणजे १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत, पणजी आणि बार्देश यांच्यातले रोजचे जाणे-येणे फेरीबोटींवर अवलंबून होते. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी अजून त्या रांगांची आठवण काढतात. कारण होते गंज. प्रीस्ट्रेस्ड पुलात ताणून बसवलेल्या पोलादी तारांच्या केबली असतात आणि त्या ताणामुळेच काँक्रीट एकसंध राहते. केबलीभोवतीच्या नळीत सिमेंटचे पातळ मिश्रण भरलेले असते. ते नीट भरले गेले नाही तर पोकळी राहते, तिच्यात खारी हवा आणि ओल शिरते आणि तारा आतल्या आत कुजतात. साध्या सळईला गंज चढतो तेव्हा ती फुगते, कारण गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. त्यामुळे वरचे काँक्रीट फुटते, तपकिरी ओघळ दिसतात आणि निदान आजार बाहेरून कळतो. नळीतली केबल मात्र तुटेपर्यंत बाहेर काहीच दिसू देत नाही.

ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ चा. त्यालाही याच दुखण्याने गाठले आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा करावा लागला. झुआरीचा पूल १९८३ चा, त्याच्यावर अवजड वाहनांना कित्येक वर्षे निर्बंध होते. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या केबल-आधारित पुलाच्या पहिल्या चार मार्गिका सुरू झाल्या तेव्हा कुठे दक्षिण गोव्याने सुटकेचा श्वास घेतला.

आता प्रत्यक्ष चाचण्यांविषयी, कारण ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणजे काय याची बहुतेकांना कल्पना नसते. सुरुवात अजूनही साध्या हातोडीने होते. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो तसे काँक्रीट ठोकत जायचे. घट्ट जागी खणखणीत आवाज येतो आणि आतून सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाच्या जागांभोवती खडूने रेघ मारून क्षेत्र आखून घेतात. मग त्यातला एक तुकडा फोडून ताज्या फुटीवर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण फवारतात. सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत असेल तेथे गडद गुलाबी रंग उमटतो, तो नष्ट झालेला असेल तेथे रंग येत नाही. हा रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचलेला दिसला की पुढे काय होणार ते सांगायला उपकरण लागत नाही. त्यानंतर काँक्रीटमधून जाणाऱ्या श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) लहरींचा वेग मोजतात. जुन्या भारतीय मानकाप्रमाणे तो सेकंदाला ३.५ किलोमीटरांच्या वर असेल तर काँक्रीट चांगले समजत, ३ च्या खाली गेला तर शंकास्पद. सळईतले विद्युत-विभव मोजून गंजाची शक्यताही काढता येते. तांबे-मोरचूदाच्या विद्युदग्राच्या तुलनेत ते उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेले तर त्या जागी गंज सुरू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात.

या सगळ्या चाचण्या आम्हाला सांगितलेल्या जागीच होतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. निविदेत ‘अमुक इतक्या जागी’ असे लिहिलेले असते. शिडी जेथे पोहोचते तेथे त्या जागा निवडल्या जातात आणि खाडीच्या मधोमध, भरतीच्या पाण्याने रोज भिजणाऱ्या खांबाला हात न लावताही अहवाल नियमाप्रमाणे पूर्ण होतो. असे अहवाल माझ्या पाहण्यात आले आहेत. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

हडसनकाठ

न्यूयॉर्क राज्यातून लिहीत आहे. येथे ५ एप्रिल १९८७ रोजी स्कोहारी क्रीक या नदीवरचा महामार्गाचा पूल पायथ्याची झीज होऊन पडला आणि दहा जण गेले. त्यानंतर देशभरातल्या पुलांची या दृष्टीने छाननी सुरू झाली. पाण्याखालची तपासणी हा येथे आता स्वतंत्र प्रकार आहे. जेथे चालत जाऊन पाया पाहता येत नाही तेथे साधारणपणे जास्तीत जास्त साठ महिन्यांत एकदा पाणबुड्या उतरवावा लागतो आणि एरवीची तपासणी चोवीस महिन्यांनी होते. झिजेचा धोका असलेल्या पुलांसाठी आधीच कृती-आराखडा करून ठेवतात. पाणी अमुक खुणेवर आले की पूल बंद करायचा, हे त्यात लिहिलेले असते, त्यामुळे त्या रात्री कोणाला धाडस दाखवण्याची गरज उरत नाही. सगळे आलबेल आहे असा दावा नाही. जुन्या पुलांचा अनुशेष येथेही मोठा आहे.

घाटमाथा

हडसनकाठ यांनी पूल बंद करण्याच्या आराखड्याबद्दल जे लिहिले आहे, त्यातच आपल्याकडचे खरे दुखणे आहे असे मला वाटते. आपल्याकडे दोष दिसत नाही असे नाही; दिसल्यावर पूल बंद कोणी करायचा, येथे गाडी अडते.

९ जुलै २०२५ रोजी गुजरातेत वडोदरा आणि आणंद यांना जोडणारा मही नदीवरचा गंभीरा पूल पडला. तो १९८५ मध्ये सुरू झालेला, म्हणजे चाळीस वर्षांचाच. वीसहून अधिक माणसे गेली. त्याच्या स्थितीबद्दल स्थानिकांच्या तक्रारी आधीपासून होत्या. त्याच्या काही आठवडे आधी, १५ जून २०२५ रोजी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. तो महामार्गावरचा नव्हता, पण तेथे धोक्याचा फलक लावलेला होता आणि लोक त्या फलकाशेजारून पुलावर जात होते. फलक लावला की कार्यालयाची जबाबदारी कागदावर संपते. माणूस आत शिरूच शकणार नाही असा अडसर उभारला की दुसऱ्या दिवशी सरपंचापासून आमदारापर्यंत सर्वांचे फोन येतात, कारण वळसा वीस-पंचवीस किलोमीटरांचा असतो, शाळेची गाडी असते, दुधाची गाडी असते. या तक्रारी खोट्या नसतात. म्हणून अधिकारी मधला मार्ग काढतो: ‘अवजड वाहनांस बंदी’ असा फलक लावतो आणि रात्री वाळूचे डंपर त्याच पुलावरून जातात. उंचीची लोखंडी कमान उभारली तर ती महिनाभरात एखाद्या ट्रकच्या धडकेने वाकते आणि पुन्हा सरळ केली जात नाही.

वाळूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पुलाच्या खालच्या अंगाला नदीतून वाळू उपसली की तळ खाली जातो आणि ती उतरंड हळूहळू पुलापर्यंत वर सरकते. पायाभरणी यांनी सांगितलेला १३.३ मीटरांचा हिशेब मग कोणत्या तळावरून करायचा?

पायाभरणी

@घाटमाथा, हिशेब पूरपातळीपासून असतो, त्यामुळे आकडा तोच राहतो. पण तळच दोन मीटर खाली गेला तर पायाची जमिनीतली पकड तेवढी कमी होते आणि पुढच्या पुराला कमी खोदावे लागते. उपशाचा ठेका देणारे कार्यालय वेगळे आणि पूल सांभाळणारे वेगळे, त्यामुळे पुलाच्या नोंदवहीत उपशाची नोंद बहुधा येतच नाही. आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पुलांच्या व्यवस्थापनाची देशव्यापी संगणकीय प्रणाली सुरू केली, तिचाही उल्लेख करतो. महाडनंतर दोनच महिन्यांनी ती आली म्हणून ती त्या दुर्घटनेतून जन्मली असे समजू नये, नोंदणीचे काम आधीपासूनच सुरू होते. लाखाहून अधिक पुलांची त्यात नोंद झाली, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आणि स्थितीदर्शक गुण मिळाला. चांगले पाऊल होते. परंतु गुण हे दिसणाऱ्या भागावरून दिलेले असतात, आणि पायाच्या रकान्यात ‘पाहता आला नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘दोष आढळला नाही’ असे लिहिण्याची सवय आपल्या क्षेत्रात फार जुनी आहे. या दोन नोंदींत माणसांच्या जिवाइतके अंतर आहे. माझ्या हाताखालच्या तरुण अभियंत्यांना मी एवढे एकच सांगत असे की जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे लिहा, त्यासाठी कोणी तुम्हाला निलंबित करणार नाही.

लालडबा

सावित्रीवर कोसळलेल्या पुलाऐवजीचा नवीन पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला, याचे तेव्हा मोठे कौतुक झाले होते आणि ते योग्यही होते. सहा महिन्यांच्या आत पूल उभा करता येतो हे सिद्ध झाल्यावर, बाकीच्या जुन्या पुलांच्या बाबतीत पैसा आणि वेळ नाही हे कारण मला पटत नाही.

पायाभरणी

@लालडबा, दुर्घटनेनंतर मंजुऱ्या ज्या वेगाने मिळतात त्या वेगाने एरवी मिळत नाहीत. तेथे अभियंत्यांइतकेच श्रेय त्या वेगाला आहे.

सावित्रीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, किंबहुना अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले. आता एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या भागातील ज्या पुलाचा मी उल्लेख केला, त्याच्याविषयी माहिती अधिकारात अर्ज करण्याचा विचार आहे. ‘पूल सुरक्षित आहे काय’ असे विचारले तर ‘होय’ असे एका शब्दाचे उत्तर येईल, हे आता कळले आहे. मग काय विचारावे?

घाटमाथा

मत विचारू नका, कागद मागा. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. आधी तो पूल कोणाच्या ताब्यात आहे हे पक्के करा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग, एरवी बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तरी त्यावर विसंबू नका.

मागायचे ते असे: गेल्या पाच वर्षांतील पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासणी-नमुन्यांच्या सही-तारखेसह प्रती, पाया आणि खांबांचा मूळ नकाशा, शेवटच्या विशेष तपासणीचा अहवाल, आणि पुलाजवळच्या नदीतळाच्या पातळीच्या नोंदी. त्याच कायद्यानुसार कार्यालयात जाऊन मूळ दप्तर पाहण्याचाही अधिकार आहे, तो अवश्य वापरा, कारण छायाप्रतीत समासातले पेन्सिलचे शेरे उमटत नाहीत.

पायाभरणी

यात एक भर घालतो. नमुन्यांच्या प्रती आल्या की पाचही वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवून पायाचा रकाना वाचा. दर वर्षी अक्षरशः तेच शब्द असतील आणि सही वेगळी असेल, तर मागच्या वर्षीचा कागद पाहून पुढचा भरलेला आहे. पिंपळाचा उल्लेख कोणत्या वर्षापासून आहे आणि तो काढल्याची नोंद कोठे आहे, तेही पाहा. नकाशा ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर तेही लेखी घ्या. पायाची खोली ठाऊक नाही याची ती कबुलीच असते आणि विशेष तपासणीची मागणी करण्यासाठी तेवढा आधार पुरतो.

मांडवीतीर, मागणीच्या अर्जात ‘पाण्यातील प्रत्येक खांबाजवळ’ हे शब्द घालावेत असे मला वाटते. निविदा काढताना ते वगळले तर कारण द्यावे लागेल. आपले मत काय?

मांडवीतीर

घालावेत, आणि ‘ओहोटीच्या वेळी’ हेही जोडावे. नाहीतर भरतीच्या वेळी होडी नेऊन पाण्यावरचा भाग तपासतील.